कर्ज कुणाचं, वकील कुणाचा?



पाबळ म्हटलं की कुणाला मस्तानीची समाधी आठवते, कुणाला डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला विज्ञान आश्रम. मला मात्र गेल्या उन्हाळ्यापासून एक शाळकरी वही आठवते. या अंकाचं संपादकीय त्या वहीबद्दल आहे.

पाबळला बायकांची बैठक होती. विषय होता, घर-जमिनीवर बाईचं नाव. बैठक संपली, चहा झाला, बायका पांगल्या. एक बाई मात्र दाराशी उभ्याच राहिल्या. वय चाळीस-बेचाळीस, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. सगळ्या गेल्याची खात्री करून जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, कमी पैसे घेणारा वकील ठावा हाय का कुणी? मला दिवाळं काढायचंय."

कोर्टात 'नादारी'चा अर्ज केला की सगळी कर्जं मिटतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. एका मध्यस्थाने तीस हजारांत वकील गाठून देतो म्हटलं होतं, निम्मे पैसे आधी. त्यासाठी त्या डोरलं मोडायला निघाल्या होत्या. नवरा गेल्यावर गळ्यातून काढून डब्यात ठेवलेलं, मुलीच्या लग्नासाठी राखलेलं डोरलं. आपल्याकडे आता काही उरलं नाही एवढंच कोर्टाला सांगायचं, आणि ते सांगण्यासाठी जे शेवटचं उरलं आहे तेही विकायचं!

त्यांचं नाव इथे देत नाही, ते त्यांनीच नको म्हटलं. हकीकत छापायला मात्र त्यांनी परवानगी दिली. "आणखी कुणाचं डोरलं वाचलं तर बरंच हाय," एवढंच म्हणाल्या.

आधी वही, मग वकील

खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. मारहाण, पोटगी, बलात्कार, हुंडा यांचे कायदे आपल्याला तोंडपाठ असतात. कर्जाचा कायदा मात्र आपण पुरुषांचा आणि व्यापाऱ्यांचा समजून सोडून दिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाबळला गेले. त्यांच्या मुलीची एक वही घेतली आणि प्रत्येक कर्जासमोर चार गोष्टी लिहिल्या. कुणाकडून घेतलं, कुणाच्या नावावर आहे, सही कुणाची आहे, कागद काय आहे.

बाईंच्या हिशेबाने देणं चार लाख ऐंशी हजार होतं. वहीत ते असं उतरलं. बँकेचं पीककर्ज एक लाख चाळीस हजार, नवऱ्याच्या नावाचं. पतसंस्थेचं दीड लाख, दिराने घेतलेलं, बाई जामीनदार. दोन फायनान्स कंपन्यांचं गटाचं कर्ज मिळून पासष्ट हजार, बाईंच्या स्वतःच्या नावावर. गावातल्या एका सावकाराचं मूळ पन्नास हजार, व्याज धरून तो मागतो एक लाख दहा हजार. आणि बहिणीचे हातउसने पंधरा हजार.

नवरा गेल्यापासून या सगळ्याचं एकच गाठोडं करून बाई डोक्यावर घेऊन चालल्या होत्या. घरात आणि गावातही कुणी ते सोडून बघितलं नव्हतं. ते सोडल्यावर काय दिसलं?

नवऱ्याच्या एकट्याच्या कर्जाला बायको केवळ बायको म्हणून जबाबदार नसते. तो गेल्यावर त्याची जी मालमत्ता वारसाहक्काने आली असेल, तेवढ्यापुरतीच वारसांची जबाबदारी असते. म्हणजे पीककर्ज त्याच्या तीस गुंठ्यांवर आहे, बाईंच्या मजुरीवर किंवा त्यांच्या स्त्रीधनावर नाही. स्त्रीधन हे बाईचं स्वतःचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे.

दिराच्या कर्जाचं मात्र तसं नाही. 'नुसती सही कर' म्हणून घेतलेली जामिनाची सही नुसती नसते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. पतसंस्था थेट बाईंकडे येऊ शकते. बाईंनी भरलं तर ते दिराकडून वसूल करायचा हक्क त्यांना आहे, पण तो हक्क त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

सावकाराकडे परवाना नाही. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही आणि दोन कोरे चेक त्याच्या पेटीत आहेत. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर चौकशी करून ती परत देववण्याचा अधिकारही जिल्हा निबंधकाला या कायद्याने दिला आहे. शिवाय व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा आपल्याकडचा दामदुपटीचा जुना नियम आहेच.

म्हणजे चार लाख ऐंशी हजारांपैकी निव्वळ बाईंचं, त्यांनी स्वतः घेतलेलं आणि बिनवादाचं देणं ऐंशी हजार. त्यात सावकाराचं मुद्दल धरलं तरी एक लाख तीस हजार. त्या मध्यस्थाने यातलं काहीही विचारलं नव्हतं. वहीचं पान न उघडता त्याने तीस हजारांचा भाव सांगितला होता.

हक्काचा वकील

आता वकिलाचं. बाईंनी विचारलं होतं 'कमी पैसे घेणारा'. कायद्याचं उत्तर त्याहून चांगलं आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, कलम १२. मोफत वकील कुणाला मिळेल याची यादी त्यात आहे आणि त्या यादीत 'स्त्री' हा स्वतंत्र शब्द आहे. तिच्या उत्पन्नाची अट नाही. ती विधवा, परित्यक्ता किंवा दारिद्र्यरेषेखालची असली पाहिजे असं नाही. बाई आहे, एवढं पुरेसं आहे. हा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. तीस वर्षं होऊन गेली, आणि पाबळच्या बैठकीत बसलेल्या पंचवीस बायकांपैकी एकीलाही तो माहीत नव्हता. यात त्यांची चूक नाही. आपण तो त्यांच्यापर्यंत नेला नाही.

मोफत म्हणजे फक्त फी माफ नव्हे. सल्ला, अर्ज लिहिणं, कोर्ट फी, नोटिसांचा खर्च, नकलांचा खर्च हे सगळं त्यात येतं. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, तिथले ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. पाबळच्या बाईने शिरूरच्या न्यायालयात जायचं. पुण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. साध्या कागदावर अर्ज करायचा, सोबत ओळखीचा पुरावा आणि प्रकरणाची कागदपत्रं जोडायची. सकृद्दर्शनी प्रकरणात तथ्य आहे एवढं समितीला दिसलं पाहिजे. त्यासाठीच वही. कर्जाचा तक्ता घेऊन गेलेल्या बाईला 'उद्या या' म्हणणं अवघड जातं.

अर्जाची पोच घ्या. नकार मिळाला तर तो लेखी मागा. नेमलेल्या वकिलाने वर पैसे मागितले तर समितीला लेखी कळवा आणि वकील बदलून मागा. 'फुकटचा वकील काय कामाचा' असं गावात म्हणतात. फुकट कुणीच नाही, त्याला शासन मानधन देतं. तो काम करतो की नाही हे पाहायला कार्यकर्ती तारखेला सोबत असली, की बराच फरक पडतो.

तरीही कुणाला खाजगी वकील करायचा असेल तर तोही करावा, पण काही गोष्टी सांभाळून. फी आधी ठरवून लिहून घ्या, दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या, वकीलपत्र वाचल्याशिवाय सही नको, मूळ कागद देऊ नका. 'कर्ज माफ झालं तर इतके टक्के' अशी बोली करणं बार कौन्सिलच्या नियमांनाच धरून नाही. तशी बोली करणाऱ्यापासून दूर राहा. आणि मध्यस्थ नकोच.

नादारीने काय मिळतं, काय जातं

वकील मिळाला. मग अर्ज करायचा का? इथे घाई नको.

पुणे जिल्ह्यातल्या साध्या माणसासाठी आजही १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियमच लागू आहे. पाचशे रुपयांहून अधिक देणं असेल आणि ते फेडता येत नसेल तर कर्जदार स्वतः अर्ज करू शकते. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत येतो. शासनाने अधिकार दिले असतील तिथे खालच्या न्यायालयातही चालतो. न्यायालयाने नादार जाहीर केलं की मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात जाते, ती विकून सावकारांमध्ये वाटली जाते. पुढे ठरलेल्या मुदतीत सुटकेचा हुकूम मागायचा, ज्याला वकील डिस्चार्ज म्हणतात. तो मिळाला की बहुतेक देणी संपतात. सरकारी देणं, फसवणुकीने केलेलं कर्ज आणि पोटगी यांतून मात्र सुटका नाही. शेवटचं आपल्या दृष्टीने चांगलंच आहे. नवऱ्याने नादारी पुढे करून पोटगी बुडवू नये.

सगळंच जातं असंही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने काही वस्तू जप्तीबाहेर ठेवल्या आहेत. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल आणि बियाणं, मजुराची मजुरी, आणि शेतकरी, मजूर किंवा घरकामगार राहतो ते घर. घर गहाण टाकलेलं असेल तर गोष्ट वेगळी. धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिनेही त्यात आहेत. इथे मी वाचता वाचता थांबले. सवाष्णीच्या गळ्यातलं डोरलं रिवाजाने वाचतं. मग विधवेचं डब्यातलं वाचणार का? रिवाजानेच तर ते तिच्या गळ्यातून काढायला लावलं!

आणखी एक कलम पाठ करून ठेवा, ५६. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करून दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. 'उद्या पोलीस घेऊन येतो' असं वसुलीवाला दारात उभं राहून म्हणतो, तेव्हा त्याला हे कलम सांगा. चेक न वटल्याचा खटला फौजदारी असतो, तो मात्र वेगळा. नादारीचा अर्ज केला म्हणून तो आपोआप थांबत नाही.

आता काय जातं ते. सुटकेचा हुकूम मिळेपर्यंत स्थानिक संस्थेच्या निवडणुकीत निवडून जाता येत नाही. पन्नास टक्के राखीव जागांमुळे आज आपल्या बायका ग्रामपंचायतीत बसल्या आहेत, तेव्हा ही किंमत लहान नाही. अर्ज करण्याआधी जमीन भावाच्या नावावर करून ठेवली, तर दोन वर्षांच्या आतला असा व्यवहार न्यायालय रद्द करू शकतं. मालमत्ता लपवली तर शिक्षा होते. म्हणून 'आधी नावावरून काढून टाका, मग अर्ज करा' असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका, मग तो वकील का असेना.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी. गटाचं कर्ज. एकीला सुटका मिळाली म्हणून तिच्याबरोबर बांधलेल्या इतरांना मिळत नाही. बाई म्हणाल्या, "मी सुटीन, पर त्या चौघी अडकतील की. त्यांच्यासंगं रोज हापशावर उभं राहायचंय मला." मला यावर उत्तर नव्हतं. बायकांचा एकमेकींवरचा विश्वास हीच आपली ताकद, असं म्हणत आपण गट बांधले. कंपन्यांनी त्याच विश्वासाचं तारण करून घेतलं. आज वसुलीला कंपनीचा माणूस एकदाच येतो, गटातल्या बायका मात्र रोज दारात बसतात.

या कर्जासाठी आम्ही दुसरी वाट धरली आहे. रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम सांगतात की सूक्ष्म कर्जांचे सगळे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा तगादा नको. नातेवाइकांना त्रास देणं नको. पाचही जणींनी मिळून दोन्ही कंपन्यांना अर्ज दिला आहे, हप्ते कमी करा आणि मुदत वाढवा म्हणून. एकीने एकटीने पळायचं नाही, आणि चौघींनी एकीला पकडून ठेवायचं नाही, असं त्यांचं त्यांनीच बैठकीत ठरवलं.

कायदा आहे, पण कपाटात

२०१६ साली संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता केली. कंपन्यांसाठी ती लगेच धावू लागली. मोठाल्या कंपन्यांच्या हजारो कोटींवर त्यातून पाणी सोडलं जातं, आणि त्याला कुणी 'दिवाळं काढलं' असं हिणवत नाही, 'पुनर्रचना' म्हणतात. त्याच संहितेत गरीब कर्जदारासाठी 'नवी सुरुवात' नावाचं प्रकरण आहे. वर्षाला साठ हजारांपर्यंत उत्पन्न, वीस हजारांपर्यंत मालमत्ता आणि पस्तीस हजारांपर्यंत बिनतारणी कर्ज असेल तर ते माफ होण्याची सोय त्यात आहे. पण व्यक्तींसाठीचा हा भाग फक्त कंपन्यांना जामीन राहिलेल्यांपुरता, १ डिसेंबर २०१९ पासून लागू केला गेला. पाबळच्या बाईसाठीचं प्रकरण छापलेलं आहे, लागू नाही.

आणि लागू झालं तरी? महिना पाच हजारांच्या आत उत्पन्न हवं, आणि स्वतःच्या मालकीचं घर नको. ज्या बैठकीनंतर या बाई मला भेटल्या, ती बैठक बाईच्या नावावर घर व्हावं म्हणूनच होती! आपण भांडून दोन खोल्या तिच्या नावावर करायच्या आणि त्या दोन खोल्यांपायी ती नव्या सुरुवातीला अपात्र ठरायची. हे प्रकरण लागू करा, मर्यादा वाढवा आणि राहत्या घराची अट काढा, ही मागणी आपण करायला हवी. शेतकरी संघटनांच्या कर्जमुक्तीच्या मागण्यांत ती येत नाही, कारण तिथे कर्जदार म्हणजे सातबारावरचा पुरुष.

शिरूर तालुक्याला हे मागायचा जुना अधिकार आहे. डिसेंबर १८७४ मध्ये याच तालुक्यातल्या करडे गावात कर्जाच्या हुकूमनाम्यावरून लोकांनी सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ ला सुप्यात उठाव झाला, आणि पुणे-नगर जिल्ह्यांत गावोगाव सावकारांची खतं जाळली गेली. त्या धक्क्याने १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. शेतकऱ्याला कर्जापायी कैद करणं त्याने बंद केलं, पन्नास रुपये देणं असलेल्या शेतकऱ्यालाही नादारीचा अर्ज करता येऊ लागला. आणि समोरच्याने वकील दिला असेल व शेतकऱ्याची ऐपत नसेल, तर त्याच्यासाठी वकील उभा करण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. तो कायदा आता इतिहासजमा झाला. पण परवडणाऱ्या वकिलाचा प्रश्न आपल्याच मातीत दीडशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता आणि लोकांनी त्याचं उत्तर सरकारकडून मिळवलं होतं, हे विसरायला नको.

आपण काय करायचं

प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत कर्जाची वही हा विषय घ्यावा. कर्ज कुणाचं, सही कुणाची, कागद कुठे आहे, एवढं प्रत्येकीने लिहावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं दुसरीने लिहावं, आणि ते गावात फोडू नये. दोन जणींनी तालुक्याच्या विधी सेवा समितीत जाऊन अर्जाची पद्धत समजून घ्यावी. कोरा कागद आणि कोरा चेक यांच्यावर सही नाही, जामिनाची सही वाचल्याशिवाय नाही, हे हळदीकुंकवातही बोलावं. आणि अंगावर कर्ज आहे म्हणून कुणी बैठकीला यायची थांबली असेल तर तिच्या घरी जावं. लाज ही वसुलीवाल्याची सगळ्यात मोठी ताकद असते.

पाबळच्या बाईंचं आज असं आहे. मोफत वकील मिळाला. सावकाराविरुद्ध तक्रार दिली आहे, चौकशी व्हायची आहे. पीककर्जाचं लोकअदालतीत तडजोडीला ठेवावं असा वकिलांचा विचार आहे. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून झेपेल तेवढ्याच आकड्याला हो म्हणायचं, हे बाईंना दोनदा सांगितलं आहे. दिराला नोटीस गेली आणि घरात अबोला सुरू झाला. नादारीचा अर्ज लिहून तयार आहे, दाखल केलेला नाही. करायचा की नाही हे त्या ठरवतील.

डोरलं डब्यातच आहे.

तुमच्या गावातले अनुभव जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यांना जागा ठेवली आहे.